बाईंना क्रूझरच हवी होती

आमच्या बाईंवर लिहायचं तर आधी एक ताकीद देते. जिद्द, प्रेरणा, संघर्ष असले शब्द या लेखात शोधू नका. बाईंसमोर हे शब्द काढणाऱ्या माणसाला त्या उंबऱ्यावरूनच वाटेला लावायच्या. एकदा एक बातमीदार आला होता. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्याने विचारलं, "आपल्या या जिद्दीचं रहस्य काय?"

बाई म्हणाल्या, "पोट साफ असतं." आणि त्याला चहासुद्धा न देता उठवलं.

शनिवार पेठेत तळमजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यातली पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. मी वर्ध्याची. दिवसा हिंजवडीच्या एका काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचे आणि संध्याकाळी अपंगांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका छोट्या गटाची पत्रकं लिहायचे. मला विचाराल तर दोन्ही एकच काम. फरक एवढाच, की प्रोग्रॅम चूक दाखवल्यावर रागावत नाही.

बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या, डाव्या पायाला पोलिओ झालेल्या. त्या पायात मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी कॅलिपर असायचा. त्याच्या गुडघ्याला कुलूप होतं. उभं राहायचं तर ते लावायचं म्हणजे पाय काठीसारखा सरळ. बसायचं तर उघडायचं म्हणजे गुडघा वाकणार. दिवसभर घरात त्या कुलपाचा खट् आवाज यायचा. बाई कुठल्या मूडमध्ये आहेत ते मला त्या आवाजावरून कळायला लागलं होतं.

सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल, म्हणजे मोजक्या मिनिटांचे परगावचे फोन, जोडण्यात घालवली. त्यामुळे माणसाला त्या नावाने हाकच मारत नसत. मी वर्धा. दूधवाला मंचर. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क काका मूळचे वाईचे म्हणून ते वाई. सकाळी मी मोरीत दात घासत असताना स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "वर्धा, बोला, चहा की कॉफी?" आणि कुणी पाल्हाळ लावलं की त्या मध्येच थंडपणे म्हणायच्या, "आपली वेळ संपली. वाढवायची आहे?" वाढवायची कुणाची छाती होत नसे. वाईकाका आपल्या जावयाची अमेरिका सांगायला खाली यायचे आणि जावई विमानात बसायच्या आत वर जायचे.

मग लोक घरबसल्या थेट नंबर फिरवायला लागले, पुढे फोन खिशात आले, आणि ट्रंक कॉल जोडणाऱ्या बाया खात्याला जड झाल्या. स्वेच्छानिवृत्ती आली. "स्वेच्छा खात्याची, निवृत्ती माझी," बाई म्हणायच्या. एवढंच. त्यावर त्यांनी कधी गळा काढला नाही आणि मला काढू दिला नाही. मी खवळून पत्रक लिहायला घेतलं होतं. 'उदारीकरण कुणासाठी उदार?' असा मथळाही दिला होता. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "मथळा बरा आहे. खाली माझं नाव आलं तर खोली रिकामी कर."

पत्रकांवरून आमचं कायम वाजायचं. एकदा मी 'विशेष गरजा असलेल्या व्यक्ती' असं लिहिलं होतं. त्यांनी लाल पेनने 'गरजा'वर काट मारली आणि वर 'हौस' लिहिलं.

"बाई, हे निवेदन मंत्र्यांना द्यायचंय."

"मग द्या की. गरजा त्यांना पाठ आहेत. काहीतरी नवीन वाचतील बिचारे."

"लोक हसतील."

"तुझे दोन्ही पाय धड आहेत, वर्धा. हसले तर पळून जाता येईल तुला."

आता गाडीचं.

त्यांच्याकडे आधी एक स्कूटर होती, मागे दोन बाजूंना दोन छोटी चाकं लावलेली. तुम्ही पाहिली असेलच, गावोगाव असते. त्या स्कूटरने त्यांना नोकरीवर नेलं-आणलं, कधी दगा दिला नाही. तरी बाईंचं तिच्याशी जमलं नाही. "हिच्यावर बसलं की मी सरकारी योजना दिसते," त्या म्हणायच्या. सिग्नलला शेजारची बाई नवऱ्याला कोपराने ढोसायची, नवरा मान हलवायचा, म्हातारे लोक हात जोडायचे. हात कशाला जोडायचे? एक बाई ऑफिसला चालली आहे!

निवृत्तीनंतर पेठेतल्या एका मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि हाताने फिरवायची तीनचाकी सायकल. विचारलं नव्हतं कुणी. स्टेजवर हार घातलेली सायकल आणली, बाईंना धरून तिच्यात बसवलं, फोटो काढला. बाईंनी फोटो होऊ दिला. मग अध्यक्षांना म्हणाल्या, "झाला ना आपला फोटो? आता ही आपण घ्या. आपलं वजन बघता आपल्याला व्यायाम हवाय." नारळ मात्र घरी आणला आणि त्याची चटणी केली. अध्यक्ष नंतर पेठभर सांगत फिरले, की बाई कृतघ्न आहेत. मी म्हणते, आहेत. कृतज्ञता ही अपंगांनी भरायची पट्टी आहे का?

या सत्कारानंतरच बाईंनी ठरवलं, की आता स्वतःच्या मनाची गाडी घ्यायची. मार्केट यार्डाच्या मागे एक मेकॅनिक जुन्या मोटरसायकली घेऊन त्यांची तीनचाकी करायचा. पुढे एक चाक, मागे रिक्षासारखी दोन, गिअर हाताशी, सगळे ब्रेक हाताशी. तो नांदेडचा, म्हणजे अर्थातच 'नांदेड'. मनगटात कडं, बोलायला बिनधास्त, आणि आपल्यासारखा कारागीर अख्ख्या एशियात नाही हे दर वाक्याला सांगणारा. त्याच्या शेडमध्ये दोन गाड्या तयार उभ्या होत्या.

"ही टूरिंग, मॅडम. ही घ्या डोळे झाकून. ताठ बसायचं, पाठीला टेकू, समोर वारं अडवायला काच, दोन बाजूंना दोन पेट्या. गोव्यापर्यंत जावा, कंबर बोलणार नाही."

"आणि ती?"

"ती क्रूझर. ती शौकाची हाय." त्याने जरा ओशाळून मान खाजवली. "आयटीतल्या एका पोरासाठी करायला घेतली होती. धडधाकट माणसाला अशी तीनचाकी पास होत न्हाई म्हणल्यावर त्यो पळाला."

क्रूझर बुटकी, लांबलचक, काळी होती. बसायची जागा जमिनीलगत, हँडल पुढून वळून छातीपर्यंत आलेलं, पाय समोर लांब सोडायचे आणि मागे रेलायचं. आरामखुर्चीला इंजिन लावल्यासारखं. पेट्या नाहीत, काच नाही, मागच्या माणसाला टेकू नाही.

बाईंनी शेडसमोरच्या गल्लीत आधी टूरिंग चालवून पाहिली. उतरल्या आणि म्हणाल्या, "चांगली आहे." मुलगी बघायला गेलेले लोक नाही म्हणायच्या आधी म्हणतात तसं. मग क्रूझरवर बसल्या. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळल्या, तर तिथे मार्केट यार्डातून कांद्याची पिशवी घेऊन निघालेले एक गृहस्थ उभे. तीन चाकं दिसली आणि त्यांनी सवयीने हात केला.

"शनिवारात येणार का?"

तुम्ही पुण्यात राहिला असाल तर तुम्हाला कळेल. बाईंनी आयुष्यभर रिक्षावाल्यांचा नकार ऐकलेला. कॅलिपर दिसला की रिक्षा न थांबता पुढे जायची. बाईंनी त्या गृहस्थांकडे नजरही न टाकता, ओठ जेमतेम हलवत म्हटलं, "नाही येणार." आणि गाडी पुढे काढली. परत आल्या तेव्हा चेहरा असा फुललेला, की मी तसा तो आधी कधी पाहिला नव्हता.

"नांदेड, ही द्या."

मी तिथेच भांडायला लागले. मी काही चूक बोलत नव्हते, हेही सांगते. गाडी रोज वापरायची. पाऊस आहे, वारा आहे, भाजी आणायची आहे, दवाखाना आहे. टूरिंग सगळ्या बाजूंनी सरस. घरी आल्यावरही मी सोडलं नाही.

"बाई, टूरिंगला पेट्या आहेत."

"पेट्यांत काय ठेवू?"

"सामान!"

"कसलं?"

"कसलंही! काय बोलून राहिल्या तुम्ही!" मी चिडले की वर्धा बाहेर पडते. "माणसाला सामान असतेच ना!"

"मोटरसायकलवर फिरणाऱ्या किती बाप्यांना तू विचारलंस गं, की तुमच्या गाडीला पेट्या का नाहीत म्हणून?"

वाईकाका जिन्यावरून म्हणाले, "वयाला शोभेल अशी घ्यावी बाई, असं आपलं मला वाटतं."

"वयाला शोभेल ते सगळं माझं नोकरीत करून झालं. वाई, आपली वेळ संपली."

बाईंनी क्रूझर घेतली. निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा तिच्यात गेला. आणि मग खरी गंमत सुरू झाली, कारण गाडी आरटीओच्या कचेरीत पास व्हायची होती. पास झाली नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर रस्ता नाही, आणि रस्ता नाही तर ते नुसतं काळं लोखंड. अपंगांसाठी बदल केलेल्या गाड्या तिथे पास व्हायच्या, पण त्या ठरलेल्या साच्याच्या, बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरी. ही असली रेलायची गाडी तिथे कुणी आणलीच नव्हती.

त्या काळात माझ्या एक लक्षात आलं. टूरिंगवर पाय गुडघ्यात वाकवून ठेवावा लागत होता. कॅलिपरचं कुलूप उघडायचं आणि पाय घसरला की हाताने उचलून परत ठेवायचा. क्रूझरवर पाय समोर सरळ. कुलूप लावलेलंच राहायचं, पाय जागेवरून हलायचा नाही. म्हणजे शौकाची गाडीच बाईंच्या पायाला बरोबर होती! मी उड्या मारल्या. मला टूरिंगच पटत होती, पण आता ही गाडी पास करून घ्यायला निदान हातात मुद्दा होता. ओळखीच्या डॉक्टरांकडून दाखला आणला: या रुग्णास पाय सरळ ठेवून चालवावयाचे वाहन वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. सही, शिक्का. बाईंनी तो वाचला, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "हं." त्या 'हं'चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

गाड्या पास करायच्या कचेरीत आम्ही बुधवारी गेलो. नंबर नसल्यामुळे गाडी टेम्पोत चढवली. टेम्पोवाला बाईंना म्हणाला, "या आजी, पुढे केबिनमध्ये बसा." आजींनी ऐकलं नाही. त्या मागे उघड्या हौद्यात, दोरांनी आवळलेल्या क्रूझरवर बसल्या. पाय पुढे लांब, हात हँडलवर, पाठ मागे. टेम्पो भर गर्दीतून चालला आणि त्याच्यावर बाई. बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघत होती. मी केबिनमधून हात बाहेर काढून ओरडले, "बाई, पडाल!" उत्तर आलं, "वर्धा, लाइन खराब आहे. ऐकू येत नाही."

कचेरीतला साहेब वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडायची मला सवय आहे. हा मायाळू निघाला. सातारचा. बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. गाडीला प्रदक्षिणा घातली, ब्रेक तपासले, बाईंना आवारात चालवून दाखवायला लावलं, आणि खूशही झाला.

"चालवता छान हो मॅडम. ब्रेकबिक सगळं बरोबर आहे. फक्त ही अशी आडवीतिडवी कशाला? वर उत्तर मला द्यावं लागतं. अपंगांना सोय म्हणून सवलत आहे, चैन म्हणून नाही. डॉक्टरांचा दाखला द्या, 'वैद्यकीय गरज' लिहितो, आत्ता सही करतो."

मी बाईंकडे पाहिलं. पर्स त्यांच्या मांडीवर होती.

"दाखला आहे," बाई म्हणाल्या. "देणार नाही."

"अहो, का?"

"कारण त्यासाठी घेतलेली नाही. आवडली म्हणून घेतली. खोटं कशाला लिहून देऊ?"

"खोटं नाहीये ते!" मी ओरडले. "पाय सरळ राहतो ना!"

"राहतो. तो फायदा आहे. कारण नाही."

साहेब हसला, अगदी प्रेमाने. "मॅडम, मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

"सातारा, ते सोनेरी घड्याळ छान आहे आपलं. वैद्यकीय गरज का?"

साहेबाने मनगट टेबलाखाली घेतलं. "सासऱ्यांनी दिलंय."

"वेळ साध्या घड्याळातही कळते."

सही झाली नाही. गाडी पुन्हा टेम्पोत, बाई पुन्हा गाडीवर. घरी पोचल्यावर मी आवाज चढवला. म्हटलं, बाई, हा तुमचा एकटीचा खेळ नाही. आमच्या गटात कितीजण गाडीसाठी खोळंबलेत. एकदा 'वैद्यकीय गरज' म्हणून हा नमुना पास झाला तर सगळ्यांना वाट मोकळी होईल. तुमच्या मागे रांग आहे!

कुलूप खट् करून उघडलं. बाई बसल्या.

"मग रांगेतल्यांना जाऊन विचार, तुम्हाला काय आवडतं म्हणून. गरज काय ते सगळेच विचारतात. अगदी जन्मापासून विचारतात."

"आणि गाडी पास नाहीच झाली तर?"

"तर दारात ठेवीन. तिच्यावर बसून चहा पिईन."

मला राग आला होता आणि तो बराच काळ गेला नाही. पण दुसऱ्या बुधवारी मीच टेम्पो ठरवला. दुसऱ्याही बुधवारी दाखला पर्समध्येच राहिला. येताना एका चौकात बाजूच्या चाकांच्या स्कूटरवरचा एक माणूस टेम्पोच्या मागे लागला आणि सिग्नलला खालून ओरडला, "ताई, कुठं मिळते ही?" बाईंनी वरून नांदेडचा पत्ता सांगितला. तिसऱ्या बुधवारी कचेरीच्या फाटकात तो माणूस हजर, बरोबर आमच्या गटातले चार-दोन ओळखीचे चेहरे. पत्रक छापून, फोन करून, विनवण्या करून माझ्या सभेला इतकी माणसं कधी आली नव्हती.

साहेब बाहेर आला. वैतागला होता. "मॅडम, तुम्ही मला अडचणीत आणता आहात. मी कारणाच्या रकान्यात काय लिहू ते तरी सांगा."

"बसून बघा."

"काय?"

"गाडीवर. बसा. तपासणी आहे ना? मग बसल्याशिवाय कसं कळणार?"

साहेबाने आजूबाजूला पाहिलं. शिपाई दात काढत उभा. टेम्पोवाला म्हणाला, "बसा की साहेब, काय चावती काय?" शेवटी साहेब बसला. आधी ताठ, खुर्चीत बसतात तसा. बाई म्हणाल्या, "रेला." तो रेलला. "पाय पुढे." एक पाय पुढे गेला, मग दुसरा. हात हँडलवर गेले. आणि त्या माणसाचे खांदे खाली आले. आवारात धूळ, हॉर्न, एजंटांची आरडाओरड चाललेली, आणि सातारा त्या काळ्या गाडीवर डोळे अर्धवट मिटून लांब बघत होता. आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो हलला नाही.

"आपली वेळ संपली," बाई म्हणाल्या. "वाढवायची आहे?"

तो दचकून उतरला, शर्ट नीट केला.

"कशी वाटली?"

"छान आहे."

"का?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. गाडीकडे पाहिलं. स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "छान आहे म्हणजे... छान आहे हो. त्याला काय कारण असतं?"

"हेच लिहा."

साहेब आत गेला. बराच वेळ गेला. कागद आला तेव्हा कारणाच्या रकान्यात त्याच्या गोलसर अक्षरात लिहिलेलं होतं, 'अर्जदाराची पसंती'. फाटकातल्या त्या स्कूटरवाल्याने कागद माझ्या हातून घेतला, वाचला आणि स्वतःच्या अर्जावर तेच दोन शब्द लिहायला सुरुवात केली.

आमच्या गटाच्या पुढच्या पत्रकात ते दोन शब्द मथळ्यात गेले. ज्यांना ते उद्धट वाटले त्यांनी तसं कळवलं. कळवू दे. खायचं काय, नेसायचं काय, चालवायचं काय, हे धडधाकट माणूस मनाने ठरवतो आणि त्याला आपण आवड म्हणतो. कॅलिपरवाल्या माणसाने तेच ठरवलं की त्याला माज म्हणतो. हा हिशोब मला मान्य नाही, आणि मान्य असणाऱ्यांशी मी यापुढेही सौजन्याने वागणार नाही.

नंबर आला त्या रविवारी बाई म्हणाल्या, "वर्धा, चल मागे बस." आम्ही कात्रजचा घाट चढलो. मागच्या माणसाला टेकू नाही हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, ते आता माझ्या मणक्यांना कळत होतं. काच नाही, त्यामुळे वाऱ्याने डोळ्यांत पाणी आणि तोंडात धूळ. पेट्या नाहीत, त्यामुळे खाऊची पिशवी, पाण्याची बाटली आणि बाईंची काठी, सगळं माझ्या मांडीवर. पुढे बाई रेलून बसलेल्या, पाय लांब, पदर खोचलेला. वळणावळणाला ट्रकवाले हॉर्न देऊन ओरडत होते आणि बाई एक हात वर करून त्यांचा मान स्वीकारत होत्या.

माझी कंबर मोडली होती. मी त्यांच्या कानाशी वाकून जिवाच्या आकांताने ओरडले, "बाई, टूरिंगच घ्यायला हवी होती!"

बाई तशाच पुढे बघत ओरडल्या, "मग तू घे!"